आधी बूच काढा, मग औषधाचं बोला : गोठ्यातल्या हौदाबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात उन्हाळ्यातल्या चाऱ्यावर लिहिलं होतं, पण या महिन्यात आलेले निम्म्याहून जास्त प्रश्न पाण्याच्या हौदाचे निघाले. मला खरंच बरं वाटलं, कारण पेंड कुठली, मिनरल मिक्श्चर कुठलं यावर तास तास बोलणारी माणसं पाण्यावर फारसं बोलत नाहीत, आणि दुधात साधारण ८७ टक्के पाणीच असतं. सगळे प्रश्न घेता आले नाहीत, सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : माझ्याकडे ६ एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन, जास्त दुधाच्या जातीच्या) गाई आहेत, मुक्त संचार गोठा आहे. ३००० लिटरचा सिमेंटचा हौद बांधलाय, मोठा बांधला म्हणजे लाईट गेली तरी टेन्शन नको म्हणून. पण आठ दिवसात हिरवं शेवाळ धरतंय, पाण्याला वास मारतोय, आणि धुवायचं म्हटलं की अर्धा दिवस जातो, वर एवढं पाणी ओतून द्यायचं जिवावर येतं, आमच्याकडे पाणी म्हणजे सोनं. शेवाळ येऊच नये असं काही औषध आहे का? (एक दूध उत्पादक, ता. सांगोला)

दादा, औषधाचं नंतर बघू, आधी हिशोब करू. दुधातली एचएफ गाय उन्हाळ्यात दिवसाला ८० ते १०० लिटर पाणी पिते, म्हणजे तुमच्या सहा गाईंचं मिळून ५०० ते ६०० लिटर. हौद ३००० चा. म्हणजे आज भरलेलं पाणी संपायला पाच-सहा दिवस, आणि तुम्ही रोज वरून भर घालत असणार, त्यामुळे तळाचं पाणी कधी बदलतच नाही. त्या पाण्यात गाईच्या तोंडातली लाळ आहे, पेंडीचा भुगा आहे, चाऱ्याचे तुकडे आहेत, वरून ऊन आहे. शेवाळाला आणखी काय लागतं? तुम्ही त्याला सगळं दिलंय.

तुमचा हौद पाडायचा नाही. तो साठवणीला ठेवा, त्याच्यावर पत्रा टाका नाहीतर निदान दाट शेडनेट लावा, उजेड बंद झाला की शेवाळ मंदावतं. आणि गाईंनी तोंड घालायची जागा वेगळी करा, साधारण २०० लिटरची, लांबट आणि उथळ, बॉलकॉक लावून मोठ्या हौदातून आपोआप भरणारी. बॉलकॉकला पत्र्याची पेटी करा नाहीतर गाई शिंगानं आणि जिभेनं आठ दिवसात त्याची वाट लावतात. वेगळी टाकी परवडत नसेल तर आहे त्याच हौदात एका टोकाला आडवी वीट घालून कप्पा पाडा आणि तेवढाच भाग उघडा ठेवा, बऱ्याच जणांनी असं केलंय आणि ते चालतं.

आता मुख्य गोष्ट, बूच. मी जेवढे गोठे बघते त्यातल्या बहुतेक हौदांना तळाला पाणी काढायची वाटच नसते, गवंड्यानं चार भिंती बांधल्या, आत गिलावा केला, झालं. मग धुवायचं म्हणजे बादलीनं उपसायचं, आणि उपसायचं म्हटलं की आज नको उद्या. तळाला एका बाजूला हलका उतार द्या, त्या टोकाला २ इंची पाईप आणि बूच, कोपरे गोल करून घ्या म्हणजे घाण अडकत नाही. २०० लिटरचा हौद बूच काढल्यावर काही मिनिटात रिकामा होतो, खराट्यानं घासायला पाच मिनिटं. मग रोज धुता येतो. अर्ध्या दिवसाचं काम कोणीच रोज करणार नाही, दहा मिनिटांचं होतं.

आणि पाणी वाया जायचं म्हणाल तर ते पाईपानं सरळ नेपियरला किंवा घासाला सोडा. गाईच्या लाळेचं आणि पेंडीचं पाणी पिकाला काय वाईट आहे? धुवायच्या आधी वरचा पुरवठा तासभर बंद ठेवला तर हौद गाईच निम्मा करून देतात, मग फेकायलाही थोडंच उरतं.

एक काळजी मात्र घ्या. छोटा हौद केला आणि पाणी भरायचा पाईप अर्ध्या इंचाचा ठेवला तर फसाल. गाय तहानलेली असली की मिनिटाला १० ते २० लिटर ओढते, आणि धार काढून झाल्या झाल्या सगळ्या एकदम हौदावर येतात. दांडग्या गाई पिऊन घेतात, गरीब गाय मागं उभी राहते, तिची पाळी येईपर्यंत हौद तळाला गेलेला असतो आणि ती निघून जाते. म्हणून भरायचा पाईप निदान १ इंची ठेवा. धुवायची वेळ पण याच्यावरूनच ठरवा, संध्याकाळच्या धारेच्या अर्धा तास आधी. दिवसभरातलं सगळ्यात जास्त पाणी गाय धारेनंतर पिते, त्यावेळी तिला ताजं मिळालं पाहिजे.

रोज हाताला वेळ नसेल तर रोज नुसती वरची घाण चाळणीनं काढा, आणि उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, थंडीत एकदा पूर्ण रिकामा करून घासा. घासायला खराटा, काथ्या, नायलॉनचा कडक ब्रश. कपड्याची पावडर नको, तिचा वास आणि फेस कोपऱ्यात राहतो आणि गाय तोंड फिरवते.

प्रश्न : शेवाळासाठी दुकानदारानं मोरचूद टाकायला सांगितलंय, शेजारचे म्हणतात ब्लीचिंग टाक, सासरे म्हणतात चुनाच बरा. नेमकं काय करू? आमच्याकडे २ म्हशी, १ गाय आणि ८ मेंढ्या आहेत, सगळी एकाच हौदावर पितात. (एक वाचक ताई, ता. पुरंदर)

ताई, तुमच्या घरात मेंढ्या आहेत त्यामुळे मोरचूद अजिबात नको. मोरचुदात तांबं असतं आणि मेंढीला तांबं सोसत नाही. थोडं थोडं रोज पोटात गेलं तरी ते लिव्हरमध्ये साठत जातं आणि मग एक दिवस मेंढी अचानक पिवळी पडते, लघवी लाल होते, आणि तोवर वेळ गेलेली असते. मोरचुदानं शेवाळ मरतं हे खरं आहे, तळ्यात मोजून मापून वापरतात. पण प्यायच्या हौदात चिमटीनं अंदाजे टाकायची ती वस्तू नाही, मेंढ्या नसत्या तरी मी हेच सांगितलं असतं.

सासऱ्यांचं बरोबर आहे, चुना चांगला. पण हौद घासून, पूर्ण कोरडा करून मग लावायचा, शेवाळावरच चुना फासला तर आठ दिवसात खपले निघतात. कळीचा चुना आदल्या रात्री पाण्यात विरवायला ठेवा, विरताना तो उकळतो, लोखंडी नाहीतर मातीच्या भांड्यात करा, पोरांना लांब ठेवा, डोळ्यात एक थेंब उडाला तरी डोळा जाऊ शकतो. सकाळी गाळून दोन हात द्या, एक दिवस वाळू द्या, पहिलं भरलेलं पाणी सोडून द्या आणि मग जनावरं सोडा. १५ दिवसांनी-महिन्यानी परत. चुन्याचा मोठा फायदा असा की आतून पांढरं असल्यामुळे तळाशी काय साचलंय ते लगेच दिसतं, काळ्या हौदात दिसत नाही.

ब्लीचिंगचं काम वेगळं आहे, ते जंतू मारतं. पण हौदात शेण, शेवाळ, पेंड असेल तर ब्लीचिंग सगळं त्यातच खर्ची पडतं आणि जंतू तसेच राहतात, म्हणून आधी घासणं, मग ब्लीचिंग. घासलेल्या हौदाला १० लिटर पाण्यात १० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर कालवून, निवळून, ते पाणी भिंतींना लावा, अर्धा तास ठेवा, धुवून टाका. महिन्यातून एकदा पुरे. प्यायच्या पाण्यात टाकायची असेल तर प्रमाण अगदी थोडं, १००० लिटरला अडीच ग्रॅम, आणि अर्धा तास थांबून मग पाजायचं. उघडी पडलेली जुनी पावडर निकामी असते, नाकाला झोंबली नाही तर फेकून द्या. आणि ब्लीचिंगबरोबर फरशीचं ॲसिड, व्हिनेगर काही म्हणजे काही मिसळू नका, त्यातून विषारी गॅस निघतो.

अजून एक बघून ठेवा. शेवाळ काठीनं उचलल्यावर केसासारखं लोंबत असेल तर ते साधं शेवाळ, पाणी खराब करतं पण विष नाही. पण पाण्यावर हिरव्या-निळ्या रंगाचा तवंग दिसला, काठी बुडवली तर तैलरंगात बुडवल्यासारखी बाहेर आली, तर जनावरं लगेच तिथून हलवा. ते निळं-हिरवं शेवाळ लिव्हरवर घाला घालतं, जनावर काही तासात दगावू शकतं. छोट्या, रोज वाहत्या हौदात ते सहसा येत नाही, शेततळ्यात आणि आटत चाललेल्या नाल्यात येतं. तिथून मोटारीनं हौद भरत असाल तर उन्हाळ्याच्या शेवटी तळ्याकडे एक चक्कर मारत जा.

प्रश्न : हौदाला चुना लावला की जनावराला कॅल्शियम मिळतं आणि दूध वाढतं म्हणतात, खरं का?

दूध वाढलंच तर ते स्वच्छ पाणी जास्त प्यायल्यामुळे. भिंतीचा चुना थोड्या दिवसात हवेमुळे परत दगडासारखा होतो, पाण्यात फार उतरत नाही. गाईच्या एक लिटर दुधातून साधारण सव्वा ग्रॅम कॅल्शियम बाहेर जातं, १५ लिटरच्या गाईचं १८-१९ ग्रॅम झालं, आणि ते रोज. तेवढं हौदाच्या भिंतीतून यायचं नाही. मिनरल मिक्श्चर बंद करू नका.

प्रश्न : आशाताई आल्या होत्या, आमच्या गोठ्यातल्या हौदात डासाच्या अळ्या सापडल्या, त्यांनी रिकामा करायला सांगितला. आता गप्पी मासे सोडू का? अळ्यांचं पाणी म्हशीला बाधतं का?

म्हशीनं अळ्या प्यायल्या तर म्हशीला काही होत नाही. होतं ते तुमच्या घरातल्या माणसांना, डेंग्यू. उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायला सांगतात. पण नुसतं पाणी ओतून भागत नाही हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात, तुम्ही परत हौद भरला की फुटतात. म्हणून काठाच्या आतली ती ओली-कोरडी पट्टी ब्रशनं जोर लावून घासा.

गप्पी मासे मोठ्या साठवणीच्या हौदात सोडा, काही हरकत नाही. ज्याला आपण रोज बूच काढणार त्यात त्यांचं काय काम. मासे असलेल्या हौदात ब्लीचिंग टाकलं तर मासे मरतील, एवढं लक्षात असू द्या.

प्रश्न : आमच्या गावात विहिरीजवळ जुना दगडी हाळ आहे, गावातली सगळी गुरं तिथंच पाणी पितात. कारखाना सुरू झाला की ऊसतोडीच्या गाड्यांचे बैल पण येतात. मागच्या साली गावात लाळ्या खुरकूत आला तेव्हापासून भांडणं चालू आहेत, काही जण म्हणतात बाहेरच्या बैलांना पाणी द्यायचंच नाही. तुमचं मत काय? (एक ग्रामपंचायत सदस्य, ता. शिरोळ)

भाऊ, मत स्पष्ट सांगते. दिवसभर ऊस ओढलेल्या बैलाला पाणी नाकारणं मला कधीच पटणार नाही, त्याचा गाडीवान चारशे किलोमीटरवरून पोट घेऊन आलाय आणि त्याचा संसार त्या दोन बैलांवर आहे. पण तुमची भीतीही खोटी नाही. लाळ्या खुरकूत झालेल्या जनावराच्या लाळेत रोगाचे विषाणू भरपूर असतात, लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून असतात, आणि तीच लाळ हाळात पडते. म्हणजे आजारी दिसणारं जनावर अडवून पूर्ण बचाव होत नाही, तो गावातला बैल असो की बाहेरचा.

मग करायचं काय, तर विहिरीच्या दुसऱ्या अंगाला एक वेगळी टाकी द्या, नळासकट, बूच असलेली, आणि ऊसतोडीचे बैल तिथं प्यावेत असं गोडीनं सांगा. त्यांची सोय पण होते, गर्दी पण फुटते. बादली वेगळी ठेवली तरी चालतं. गावातल्या गुरांचं लाळ्या खुरकूतचं लसीकरण वर्षातून दोनदा होतं, ते चुकवणारी घरं प्रत्येक गावात असतात, ग्रामसभेत त्यांची नावं न घेता पण ठामपणे विषय काढा. ऊसतोडीच्या बैलांना पण लस टोचून घ्यायची विनंती दवाखान्याला करा.

साथ आलीच तर हाळ काही दिवस बंद आणि घरोघर बादलीनं पाणी. हाळ रिकामा करून घासायचा आणि धुण्याचा सोडा, कपडे धुवायची पावडर नव्हे, साधा धुण्याचा सोडा, १० लिटरला ४०० ग्रॅम असा विरघळवून दगडाला, काठाला, आजूबाजूच्या फरशीला मारायचा. हा विषाणू आम्लात आणि क्षारात टिकत नाही म्हणून सोडा त्याच्यावर चालतो. हातात मोजे घाला, अर्ध्या तासानी भरपूर पाण्यानं धुवा. तोंडातून लाळेच्या तारा आणि लंगडणं दिसलं की त्याच दिवशी दवाखान्यात कळवा, १९६२ या जनावरांच्या दवाखान्याच्या मदत नंबरवर फोन केला तरी चालतो.

आणि हाळाभोवतीचा चिखल बघा, त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. वाहून गेलेलं पाणी तिथंच साचतं, त्यात शेण, त्यात गोगलगाई. लिव्हर फ्लूकचा किडा वाढायला पाण्यातली गोगलगाय लागते, मग तिथलं ओलं गवत खाऊन गुरांच्या लिव्हरमध्ये जातो, गळ्याखाली पाणी उतरतं, जनावर खंगत जातं. तुम्ही वरती हाळ चकाचक ठेवला आणि खाली डबकं तसंच राहिलं तर अर्धंच काम झालं. सहा-सात फुटांपर्यंत दगड-मुरुमाचं किंवा कोब्याचं जोतं करा, उतार देऊन पाणी चरीनं झाडांना न्या. पंचायतीच्या खर्चाचं काम आहे, मोठं नाही.

जुना दगडी हाळ पाडून सिमेंटचा बांधू नका एवढी माझी विनंती. दगड थंड राहतो, फक्त त्याच्या सांधीतलं शेवाळ तारेच्या ब्रशनं काढावं लागतं.

प्रश्न : नवीन सिमेंटचा हौद बांधला, शेजारीच मोटारीचा पाईप आणि लोखंडी अँगल आहे. गाई हौदाजवळ येतात, वास घेतात, तोंड लावतात आणि एकदम मागं सरकतात. बादलीनं दिलं की तेच पाणी गटागटा पितात. बाहेरची बाधा म्हणतात काही जण.

बाधा नाही, करंट बघा, आणि आजच बघा. मोटारीचं अर्थिंग खराब असेल तर पाईपातून हौदाच्या पाण्यात अगदी थोडा करंट उतरतो, चप्पल घातलेल्या माणसाला जाणवतही नाही, पण गाय चार ओल्या खुरांवर उभी असते आणि ओलं नाक पाण्याला लावते, तिला बरोबर झटका बसतो. "तोंड लावून मागं सरकते" हे तुम्ही लिहिलंत त्यावरूनच मला शंका आली. मेन स्विच बंद करून गाय पिते का बघा, प्यायली तर खात्री झाली. वायरमन बोलावून मीटरनं तपासून घ्या, स्वतः हात घालून बघू नका.

मोटार बंद असताना पण पीत नसेल तर सिमेंटचं कारण असू शकतं. नव्या सिमेंटचं पाणी चुनखडीसारखं तिखट लागतं. हौद भरून दोन दिवस ठेवा, सोडून द्या, असं तीन-चार वेळा करा.

प्रश्न : निळा प्लॅस्टिकचा ड्रम आडवा कापून त्यात पाणी ठेवतो, स्वस्त पडतो. चालेल ना?

ड्रममध्ये आधी काय होतं यावर आहे. भंगारवाल्याकडून आणलेल्या ड्रमवर केमिकल कंपनीचं लेबल असेल किंवा वास येत असेल तर नको, कितीही धुतला तरी नको. खाण्याच्या वस्तूचा असेल तर चालतो. कापलेली कड धारदार राहते, जनावराचा गळा आणि ओठ कापतात, त्याच्यावर जुना रबरी पाईप उभा चिरून बसवा.

आणि यात एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. आमच्या घरी माझ्या लहानपणी एक कालवड गेली, युरिया विरघळवलेला ड्रम शेताच्या कडेला ठेवला होता आणि ती सुटून आली, तहानेली होती. तासाभरात पोट फुगलं, थरथरायला लागली, डॉक्टर पोचायच्या आत संपली. फवारणीचा आणि खताचा ड्रम कुठला आणि पाण्याचा कुठला हे लाल रंगानं लिहून ठेवा, खताचा वापरून झाला की लगेच पालथा घाला. घाईच्या दिवसात घरातलं कोणीही चुकू शकतं.

प्रश्न : २५ उस्मानाबादी शेळ्या आहेत, कितीही धुतलं तरी तासात पाण्यात लेंड्या. काय करू?

भांडं आत ठेवूच नका. कुंपणाच्या जाळीबाहेर ठेवा आणि फक्त मुंडकं बाहेर येईल एवढी फट ठेवा, शेळीला आत चढता येत नाही आणि मागचं अंग पाण्याकडे होत नाही. जागा नसेल तर भांडं शेळीच्या छातीच्या उंचीवर आणि समोर एक वीट, पुढचे पाय त्याच्यावर ठेवून ती पिते. करडांसाठी वेगळं उथळ घमेलं. शेळी गाईपेक्षा चोखंदळ, लेंडी पडलेलं पाणी ती तहान मारून सोडते, आणि तुम्हाला वाटतं तिला तहानच नाही.

मोठा हौद असेल तर त्यात एक फळी किंवा दगडांची उतरंड काठापर्यंत लावून ठेवा. खारी, चिमण्या, सरडे पाण्याला येतात आणि गुळगुळीत भिंतीमुळे वर येता येत नाही, मग सकाळी मेलेली खार तरंगताना दिसते आणि सगळा हौद सोडावा लागतो. एका फळीनं त्यांचा पण जीव वाचतो.